सबनीस मॅडमची बेरीज

सबनीस मॅडमना बेरीज मान्य नव्हती. वाण्याच्या हिशेबापुरती चालायची, त्यापलीकडे नाही. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा माझी बायको वैशाली आपलं सहज म्हणाली, "तुम्ही दोघं, आम्ही तिघं, म्हणजे पाच पानं." मॅडम चपला काढता काढता म्हणाल्या, "जवळजवळ." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कोणी कमी होणार की आणखी कोणी येणार, काही कळेना. त्यांच्या मागून आत आलेल्या मोहनरावांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, हलक्या आवाजात खुलासा केला, "पाचच मांडा. आमच्याकडे लग्नापासून असंच आहे."

ही गोष्ट दोन हजार तेरा-चौदाच्या सुमाराची. मोहनराव जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनला, माझ्याच कंपनीत होते. ते क्वालिटीत, मी गाड्यांच्या ब्रेकच्या विभागात. राहायला आम्ही त्सुफेनहाउझेनमध्ये एकाच इमारतीत, ते दुसऱ्या मजल्यावर, आम्ही चौथ्या. मॅडम त्याआधी कराडच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. शेवटच्या वर्षाच्या मुलांना सापेक्षता शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. मोहनरावांना जर्मनी मिळालं तेव्हा त्यांनी आधी बिनपगारी रजा घेतली, मग ती वाढवली, आणि मग एक दिवस राजीनामा पाठवून दिला. हे त्या इतक्या सहजपणे सांगायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, दूधवाल्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं असेल.

उंची बेताची, केस बॉयकट, चालणं भरभर. जर्मन त्या खणखणीत कराडी आवाजात बोलायच्या. व्याकरण जिथल्या तिथे नसायचं, पण आवाज असा की समोरचा जर्मन माणूस स्वतःच्याच व्याकरणाबद्दल साशंक व्हायचा. पिशवीत कायम एक मार्कर असे. "फळा कधी कुठे भेटेल, सांगता येत नाही," म्हणायच्या.

आमची ईरा तेव्हा आठ वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. घरी येणारे काका-काकू "अगं मराठीत बोल की" म्हणून तिच्या मागे लागत, आणि ती आणखीनच गप्प होई. मॅडमनी तो आग्रह कधीच केला नाही. उत्तर बरोबर असलं की त्यांना कुठलीही भाषा चाले. एका रविवारी आम्ही सगळे एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, शहरातून परत येत होतो. मॅडमच्या पिशवीत तुर्की दुकानातली लिंबं होती. त्यांनी त्यातलं एक काढलं आणि ईराला विचारलं, "गाडी किती वेगाने चाललीये?"

"हुंडर्ट?" ईरा म्हणाली. शंभर.

"धरू शंभर. आता हे लिंबू मी पुढच्या दिशेने सोडते. गाडीत त्याचा वेग पाच. मग बाहेर फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला ते किती वेगाने जाताना दिसेल?" असं म्हणून त्यांनी खरोखरच लिंबू सोडलं. ते डब्याच्या मधल्या वाटेने घरंगळत निघालं.

ईराने एकशे पाच सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "जवळजवळ!"

"नाइन, गेनाऊ हुंडर्टफ्युन्फ!" ईरा चिडली. नाही, बरोब्बर एकशे पाच.

"एकशे पाचाला अगदी एवढूसं कमी. इतकं कमी, की आख्ख्या जर्मनीत ते कुणाच्या लक्षात येणार नाही. पण कमी!"

तोवर लिंबू चार बाकं ओलांडून एका म्हाताऱ्या जर्मन बाईंच्या बुटाशी थांबलं होतं. बाईंनी ते उचलून आणून दिलं. कोणीही आभार मानून मोकळं झालं असतं. मॅडमनी माफी मागत त्यांना विचारलं, "एन्टशुल्डिगुंग, लिंबाचा वेग तुम्हाला जास्त वाटला का?" बाईंनी प्रश्नाचा गंभीरपणे विचार केला आणि म्हणाल्या, "लिंबाच्या मानाने, हो." मॅडमचा चेहरा असा फुलला की काय सांगू. घरी पोचेपर्यंत त्या मला सांगत होत्या, "देवधर, त्या बाईंना सापेक्षता येते! आमच्या एक्स्टर्नल एक्झामिनरना यायची नाही."

हे "एवढूसं कमी" काय प्रकरण आहे, ते त्यांनी मला जिन्यात, बाजारात, लॉन्ड्रीच्या खोलीत, जिथे सापडेन तिथे समजावलं. दोन वेग एकत्र करायचे तर आपण सरळ बेरीज करतो. निसर्ग ती बेरीज करतो, पण तिच्याखाली एक रेघ मारतो आणि रेघेखालच्या आकड्याने भागतो. रेघेखाली असतो एक, आणि त्यात मिळवलेला त्या दोन वेगांचा गुणाकार. वेग प्रकाशाच्या वेगाच्या भाषेत मोजायचे, म्हणजे प्रकाशाचा वेग एक. आपली एस-बान, आपलं लिंबू, हे त्या मानाने इतके मंद की तो गुणाकार शून्यातच जमा. खाली उरतो एक, आणि एकाने भागलं काय, न भागलं काय. म्हणून आपल्याला वाटतं, बेरीज सरळ असते. पण दोघंही प्रकाशाच्या जवळपास पळायला लागले की रेघेखालचा आकडा फुगतो आणि वरची बेरीज छाटतो. कितीही जोर लावा, उत्तर प्रकाशाच्या वर जात नाही.

"वरचं सगळ्यांना दिसतं हो," त्या म्हणायच्या. "रेघेखालचं बघायची सवय लागली पाहिजे."

ही रेघ त्या कुठेही मारत. एकदा मी आणि वैशाली कडाक्याने भांडत होतो. मी कबूल करूनही उशिरा आलो होतो, आणि मी कबूल केलं होतं हेच मला कबूल नव्हतं. मॅडम कोथिंबीर मागायला आल्या, दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चालू द्या. दोन तापट माणसं एका घरात आली म्हणून ताप दुप्पट होत नाही. रेघेखाली एकमेकांचा राग असतो, तो दोघांनाही छाटतो. म्हणून तर संसार टिकतात." आणि कोथिंबीर घेऊन गेल्या. त्यानंतर भांडणात काही दम राहिला नाही.

असं सगळं हसतखेळत चाललेलं दिसायचं. पण एक प्रश्न आला की मॅडमचा चेहरा क्षणभर उतरायचा. प्रश्न साधाच: "आणि तुम्ही काय करता?" इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तो हमखास यायचा. मोहनराव काय करतात हे सांगून झालं की माणसं यांच्याकडे वळायची. "घरीच असता का? मग मोदकांचं तुम्ही बघाल?" मॅडमना मोदक येत नव्हते. तरी त्यांनी केले. ताटात उभं राहण्याची जिद्द एकाही मोदकात नव्हती. "जवळजवळ मोदक," असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं आणि सगळ्यांबरोबर हसल्या. घरी जाताना मात्र वैशालीला म्हणाल्या, "मला पगार नको, खुर्ची नको. एक फळा हवा आणि समोर शंका विचारणारं कोणीतरी हवं. नाहीतर मी शिक्षिका होते हे मलाच खरं वाटेनासं होईल." वैशालीने हे मला सांगितलं तेव्हा मला उगाचच अपराधी वाटलं. मोदक खाताना सर्वांत मोठ्याने मी हसलो होतो.

वाट त्यांनीच शोधली. इथे प्रत्येक गावात फोल्क्सहोखशूल असते, मोठ्या माणसांसाठीची संध्याकाळची शाळा. तिथे कोणीही काहीही शिकवू शकतं, शिकायला माणसं आली म्हणजे झालं. मॅडम मला दुभाष्या म्हणून घेऊन गेल्या. तिथल्या बाई फार गोड होत्या. भारतातल्या शिक्षिका म्हटल्यावर त्यांनी आनंदाने विचारलं, "योगा?"

"गुडघा," मॅडम म्हणाल्या.

"मग स्वयंपाक? करीचा कोर्स लगेच भरतो."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मला ते ताटात बसलेले मोदक आठवले. "रेलाटिविटेट," मॅडम म्हणाल्या. म्हणजे सापेक्षता. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. पण नकार नाही दिला. दर गुरुवारी संध्याकाळी, सहा आठवडे, असं ठरलं. अट एकच: किमान आठ नावं आली पाहिजेत, नाहीतर कोर्स रद्द.

आलं एक. महिनाभर थांबूनही एकच. मग एक दिवस कॅन्टीनमध्ये मोहनराव माझ्यासमोर ताट घेऊन बसले. जेवेनात. "देवधर, रद्द होणार असं दिसतंय. ती बोलत नाही काही. पण रोज फ्रिजच्या दारावर मार्करने लिहून तालीम करते. जर्मनमध्ये. कसं सांगू तिला?"

नाही सांगितलं. आपल्या माणसांनी अशा वेळी जे केलं असतं तेच आम्ही केलं. घरच्या कार्याला माणसं जमवावीत तशी नावं जमवली. मी, वैशाली, मंडळातलं एक कुलकर्णी जोडपं, आयटीतली दोन पोरं आणि स्वतः मोहनराव. झाले सात. तो परका एक धरून आठ. आपण किती हुशारी केली, या आनंदात आम्ही गुरुवारी जाऊन बसलो.

मॅडम इस्त्रीची सुती साडी नेसून आल्या. इथे आल्यापासून मी त्यांना साडीत पाहिलं नव्हतं. दारातच थांबल्या. समोर सात ओळखीचे मराठी चेहरे, आणि पहिल्या बाकावर एकटे, ताठ, पांढऱ्या मिशांचे हेर, म्हणजे श्रीयुत, आयझेले. मॅडमनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक नावापुढे एकदा त्या व्यक्तीकडे पाहत होत्या. "हेर सबनीस," त्यांनी पुकारलं. मोहनराव गडबडीने उभेच राहिले आणि म्हणाले, "हिअर." मॅडमनी नवऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि पुढचं नाव घेतलं.

मग त्यांनी शिकवायला सुरुवात केली, ती अथपासून इतिपर्यंत जर्मनमध्ये. आयटीतल्या एका पोराने मराठीत काही विचारलं तर "डॉइच, बिट्टे!" असं दटावलं. कराडच्या बाई, समोर सात मराठी माणसं, आणि सगळा कारभार एका आयझेलेंसाठी जर्मनमध्ये! आमची काय अवस्था झाली असेल, कल्पना करा. पंधरा मिनिटांत आयझेलेंनी एक बोट वर केलं. इथे शाळेत पोरं प्रश्न विचारायला तर्जनी वर करतात. मॅडमना ते माहीत नव्हतं. आणि आपल्याकडे वर्गात एक बोट वर होतं ते कशासाठी, हे मराठी शाळेत गेलेल्या कुणाला सांगायला नको. मॅडमनी मायेने दाराकडे हात केला. "डावीकडे, पॅसेजच्या टोकाला."

आम्ही सातही जण बाकावर डोकी टेकवून हसत होतो. आयझेले गोंधळून दाराकडे, मग आमच्याकडे बघत राहिले. बोट हळूहळू खाली आलं आणि प्रश्न राहूनच गेला.

वर्ग सुटल्यावर स्टेशनकडे चालताना मी आपला शाबासकीच्या अपेक्षेने मॅडमच्या शेजारी गेलो. "वर्ग भरवलात," त्या म्हणाल्या. "मनापासून केलंत, कळलं मला. पण देवधर, सात आणि एक आठ होत नाहीत. रेघेखाली बघा. तिथे कीव आहे. तिने भागलं की एकच उरतो." पुढे मोहनराव मान खाली घालून चालले होते. "पण तो एक खरा आहे," मॅडम म्हणाल्या, आणि नेहमीसारख्या भरभर चालू लागल्या.

तो एक म्हणजे चीज होती. आयझेले आयुष्यभर ड्रायव्हिंग शिकवत होते. आता त्यांची मुलगी ती शाळा चालवायची. पुढच्या गुरुवारी मॅडमनी फळ्यावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या काढल्या, दोन्हींचा वेग प्रकाशाच्या ऐंशी टक्के, आणि विचारलं, सापेक्ष वेग किती? आयझेले बोटबिट वर न करताच म्हणाले, "एकशे साठ."

"फाल्श," मॅडम म्हणाल्या. "झेट्सेन." चूक. बसा.

कराडला यात काही विशेष नव्हतं. तिथली पोरं हे ऐकून बसायची आणि पुढचं उत्तर द्यायला परत उभी राहायची. इथे सत्तरीचा एक माणूस लाल झाला. "फ्राऊ सबनीस," ते म्हणाले, "अर्ध्या त्सुफेनहाउझेनला गाडी मी शिकवलीये. ऐंशी आणि ऐंशी एकशे साठ होतात. तुमच्या पुस्तकात दुसरं काही असेल तर त्या पुस्तकाला माझ्याकडे शिकायला पाठवा." आणि टोपी उचलून निघून गेले.

मॅडमनी राहिलेला तास पूर्ण घेतला. स्टेशनवर मोहनराव समजूत घालायला गेले, "जाऊ दे गं. आम्ही सात जण आहोतच की." मॅडमनी अशा नजरेने पाहिलं की मोहनराव गाड्यांचं वेळापत्रक वाचू लागले. मला पहिल्यांदाच वाटलं, हे सगळं आता इथेच संपणार. पुढच्या गुरुवारी मॅडम नुसत्या येऊन जातील, आणि त्यानंतर कोणी "काय करता?" विचारलं तर "घरीच असते" म्हणतील. फार वाईट वाटलं.

शनिवारी सकाळी आमची बेल वाजली. दारात मॅडम, हातात पोह्यांचा झारा तसाच. "देवधर, तो बरोबर आहे!"

"कोण?"

"आयझेले! रस्त्याच्या कडेला उभं राहिलं तर तो शंभर टक्के बरोबर आहे. मी त्याला विचारलंच नाही, कुठून मोजताय? सापेक्षतेचा पहिला धडा आणि तो मीच खाल्ला. गाडीची किल्ली घ्या."

मी किल्ली घेतली. झारा वैशालीने काढून घेतला.

ड्रायव्हिंग शाळेत आयझेले एकटेच बसले होते. आम्हाला पाहून उठले नाहीत. मॅडमनीही नमस्कार-चमत्काराला वेळ घालवला नाही. भिंतीवर त्या शाळेचा लोखंडी फळा होता. रस्ते रंगवलेले, आणि त्यावर चिकटवायच्या चुंबकाच्या गाड्या, ट्रक, सायकलवाले आणि पायी चालणारा एक माणूस. मॅडमचे डोळे चमकले. "डार्फ इश?", घेऊ का, असं विचारत त्यांनी उत्तराची वाट न पाहता एका टोकाला लाल गाडी लावली, दुसऱ्या टोकाला निळी आणि मधोमध कडेला तो माणूस.

"दोन्ही गाड्या प्रकाशाच्या ऐंशी टक्के वेगाने. तुम्ही हा माणूस. मधलं अंतर किती वेगाने कमी होतंय?"

"एकशे साठ," आयझेले बसल्या जागेवरून गुरगुरले.

"बरोबर."

आयझेलेंनी मान वळवली. "मी तेच म्हणत होतो."

"तुम्ही तेच म्हणत होतात, आणि मी तुम्हाला चूक म्हटलं. एन्टशुल्डिगुंग. पण बघा, एकशे साठने धावणारं असं रस्त्यावर काहीच नाहीये. ऐंशीने धावणाऱ्या दोन गाड्या आहेत. अंतर म्हणजे काही गाडी नव्हे. आता या माणसाला सोडा आणि लाल गाडीत बसा."

गाडीत बसा म्हटल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही. ते उठले आणि त्यांनी लाल गाडीवर बोट ठेवलं.

"तुमच्या सीटवरून निळी गाडी किती वेगाने येतेय? आता घड्याळ तुमचं आणि मोजपट्टीही तुमची. त्या माणसाची उसनी घ्यायची नाही."

"फरक काय पडतो? घड्याळ ते घड्याळ."

"दिवा लावा," मॅडम म्हणाल्या. "गाडीचा मोठा दिवा. तुम्हाला प्रकाश पुढे जाताना दिसेल तो प्रकाशाच्या वेगाने. आणि कडेच्या माणसाला? एकशे ऐंशी टक्के? नाही. त्यालाही तोच वेग दिसतो, तेवढाच. हे लोकांनी मोजून मोजून पाहिलंय. प्रकाश दोघांनाही तेवढाच दिसायचा तर दुसरं काहीतरी हलायला हवं. घड्याळं हलतात, पट्ट्या हलतात. तुमचं घड्याळ आणि त्याचं घड्याळ जुळत नाही."

"कोणाचं बिघडलंय?"

"कोणाचंच नाही. दोन्ही बरोबर."

आयझेलेंनी मिशीवरून हात फिरवला. "दोन बरोबर घड्याळं, आणि जुळत नाहीत. जर्मनीत!" पण बोट गाडीवरून काढलं नाही. मॅडमनी मार्कर काढला आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं: वर एकशे साठ, मग रेघ, खाली एक आणि ऐंशी टक्क्यांचे ऐंशी टक्के, म्हणजे एक पूर्णांक चौसष्ट शतांश. उत्तर आलं साडेसत्त्याण्णव टक्के आणि वर थोडंसं. प्रकाशाच्या आत. आयझेलेंनी ते स्वतः दुसऱ्यांदा करून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "आणि आपल्या साध्या ताशी ऐंशीला? आउटोबानच्या हमरस्त्यावर?"

मॅडमनी श्वास आत घेतला. इतकी वर्षं याच प्रश्नाची वाट बघत असाव्यात. "एकशे साठला एवढूसं कमी," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून मराठीतच निघालं, "जवळजवळ!" आयझेलेंनी तो शब्द दोनदा घोकून घेतला.

निघताना मी त्यांना बोट वर करण्याचा आपल्याकडचा अर्थ सांगितला. त्यांनी हसू मिशीत दाबलं. "गुरुवारी येतो," ते म्हणाले. "पण मी बोट वर केलं तर मला बाहेर पाठवायचं नाही. आणि आणखी एक, फ्राऊ सबनीस. माझ्या शाळेत मी कधी कोणाला 'झेट्सेन' म्हटलं नाही. गाडीत माणूस आधीच बसलेला असतो." मॅडम मनापासून हसल्या. परतताना गाडीत त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

गुरुवारी आयझेले तो लोखंडी फळा काखेत मारून आले. त्या संध्याकाळसारखा वर्ग मी आयुष्यात पाहिला नाही. लाल गाडीत कोण, निळीत कोण, कडेला कोण, यावरून आयटीतल्या पोरांची जुंपली. वैशालीने माझं गणित चुकलेलं सगळ्यांसमोर दाखवलं. आणि मोहनरावांनी, इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच, एक बोट वर करून शंका विचारली. "गुटे फ्रागे," छान प्रश्न, असं म्हणून मॅडमनी फळ्याकडे तोंड फिरवलं, आणि वळायला जरा वेळच घेतला. वर्ग सुटल्यावर माझ्याजवळून जाताना म्हणाल्या, "आज आठ होते, देवधर." दोन पावलं पुढे गेल्या आणि वळून म्हणाल्या, "जवळजवळ."

पुढच्या सहामाहीत आम्ही परत नावं द्यायला गेलो, तर तिथल्या बाई म्हणाल्या, जागा नाही. आयझेलेंनी खरोखरच अर्ध्या त्सुफेनहाउझेनला गाडी शिकवली होती, आणि त्यातल्या जमतील तेवढ्यांना ते वर्गात घेऊन आले होते. मंडळात आता कोणी "आणि तुम्ही काय करता?" विचारलं की मॅडम "शिकवते" म्हणत आणि मोदकांच्या कामाला मोहनरावांना पुढे करत. ते त्यांना बरे जमायचे.

दोन-अडीच वर्षांनी मोहनरावांचं इथलं काम संपलं आणि दोघं परत कराडला निघाले. फ्रांकफुर्टच्या विमानतळाची गाडी श्टुटगार्टहून होती. तिथल्या स्टेशनचं बांधकाम चालूच होतं, त्यामुळे पत्र्यांच्या आडोशाने बॅगा ओढत अर्धी वरात फलाटावर पोचली. आम्ही तिघं होतो, आणि रविवारचे कपडे घालून आयझेले आले होते. त्यांनी मॅडमना लोखंडी फळ्यावरची ती लाल गाडी दिली. मॅडमनी ती मार्करच्या शेजारी पिशवीत टाकली. दारं बंद व्हायची शिट्टी झाली. मोहनराव आत जाऊन खिडकीशी बसले. मॅडम बसल्या नाहीत.

गाडी हलली. तिथून गाड्या सुरुवातीला अगदी सावकाश निघतात. मोहनराव हात हलवत आमच्यासमोरून पुढे सरकले. आणि मॅडम डब्याच्या मधल्या वाटेने उलट्या दिशेला, गाडीच्या मागच्या टोकाकडे चालायला लागल्या. खिडक्यांमागून खिडक्या पुढे जात होत्या, लोकांची डोकी पुढे जात होती, बॅगा पुढे जात होत्या, आणि मॅडम आमच्यासमोर होत्या तिथेच. वाटेत येणाऱ्यांना एन्टशुल्डिगुंग, एन्टशुल्डिगुंग म्हणताना त्यांचे ओठ हललेले दिसत होते.

"झी श्टेट!" ईरा ओरडली. आणि मग, कोणीही न सांगता, मराठीत म्हणाली, "त्या उभ्या आहेत!"

"जावल-जावल," आयझेले म्हणाले.

मग त्यांनी हात वर केला. मला वाटलं निरोपाचा. पण तळवा उघडला नव्हता. एकच बोट वर होतं, वर्गात असायचं तसं. मॅडमनी ते पाहिलं. चालता चालताच हसत त्यांनी डावीकडे हात केला, पॅसेजच्या टोकाला. तेवढ्यात डबा संपला, गाडीने वेग घेतला आणि त्या आमच्यासमोरून निघून गेल्या. शेवटचा डबा वळणाआड गेला तरी आयझेलेंनी बोट खाली घेतलं नव्हतं. त्यांना खरंच काहीतरी विचारायचं होतं.